शंभर की एकशे आठ

"शंभर सांगितलं होतं, शंभर. ह्या वरच्या आठ खेपा कोणी काढायला सांगितल्या?"

आमच्या भात संशोधन केंद्राचे साहेब असे कडाडले की कल्याणच्या खाडीवरचे बगळे उठून थेट मुंब्र्याला गेले. मी मोजले, एकही परत आला नाही.

खारट जमिनीत टिकणारं भाताचं नवं बियाणं साहेबांनी दोन वर्षं पोटच्या पोरासारखं जपलं होतं. दहा वाफ्यांत नवं, दहांत जुनं. नव्याचं पीक जास्त भरलं. पण ही बियाण्याची करामत की वाफ्यांचं नशीब? ते ठरवायला मी वीस वाफ्यांचं उत्पन्न वीस चिंचोक्यांवर शाईने लिहिलं. बरणीत हलवायचे, न बघता दहा काढायचे, त्यांची बेरीज उरलेल्या दहांच्या बेरजेशी ताडायची. नुसत्या नशिबाने शेतात आला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक शंभरात पाचांहून जास्त वेळा आला, तर बियाणं नापास. विसांतून दहा काढायच्या साऱ्या जुळण्या पावणेदोन लाखांच्या वर. माझी पेन्शनसुद्धा त्या बरणीतूनच काढावी लागली असती. म्हणून साहेब म्हणाले, शंभर.

रविवारी डोंबिवलीला घरीच बसलो. मी बरणी हलवी, आई जपमाळेवर खेपा मोजी. शंभर झाल्या तेव्हा असा फरक चारदा आलेला. पास. मी उठू लागलो तर आई म्हणाली, "माळ अर्धी टाकून उठायचं नाही रे. आठ मणी राहिलेत."

त्या आठांत तीनदा आला. एकूण सात.

"त्या आठ खोडून टाक," सोमवारी कचेरीत साहेब म्हणाले.

"आणि शेवटच्या आठांत एकही आला नसता, तर खोडायला सांगितलं असतंत?"

बाकावर कोपर गावचा एक शेतकरी रिकामं पोतं घेऊन सकाळपासून बसलेला. "साहेब, बी नेऊ का नको? समदी खार जमीन याच्यावरच लावाची हाय."

मी म्हटलं, "नव्याने काढू, पण खेपांचा आकडा आधी लिहून ठेवू. मध्ये थांबायचं नाही, वर जायचं नाही."

साहेबांनी कागदावर 'एक हजार' लिहिलं, खाली सही ठोकली. पन्नासपर्यंत पास. शेतकऱ्याला चौथ्या दिवशी बोलावलं.

तीन दिवस कचेरीत दुसरं काम नाही. चिंचोके इतके झिजले की निम्मे आकडे माझ्या तळहातावर उतरले. पुढे आठवडाभर जेवताना भातात भाताचेच आकडे दिसायचे. नऊशेला सेहेचाळीस. नऊशे साठला बरोब्बर पन्नास. एवढ्यात शेतकरी पोतं घेऊन दारात येऊन उभा राहिला.

साहेबांनी बरणीच्या तोंडावर पंजा ठेवला. "पुरे झालं आता."

मी त्यांची सही असलेला कागद तेवढा त्यांच्या बाजूला सरकवला. आयुष्यात एवढा वेळ मी श्वास रोखलेला नाही; दोन पॅसेंजर गाड्या जाऊन आल्या असतील. पंजा हळूहळू उठला.

उरलेल्या चाळीस खेपांत तीनदा.

दाराशी साहेब स्वतः गेले. "हजारात त्रेपन्न वेळा आलं. नवं बी मी तुला देऊ शकत नाही."

शेतकऱ्याने पोत्याची घडी घातली.

"बरं. मंग जुनाच पेरतो."