चौथ्या अंकाची वात

रुआँ शहरात माथ्युरँ गोद्री चरबीच्या मेणबत्त्या करून विकायचा. त्याचा मुलगा एतिएन नाटकं लिहितो, ही गोष्ट गल्लीत कुणी मोठ्यानं बोलत नसे. एतिएनची दोन विनोदी नाटकं सपशेल पडली होती. पहिलं लोकांनी शिट्ट्या मारून हाणून पाडलं, दुसऱ्याला निदान लोक शांत झोपले. पण गडी खचला नाही. बापाच्या कढईत चरबी ढवळायची आणि हाताला तो वास असतानाच लिहायला बसायचं. असा चिवटपणा विरळाच.

बापानं शेवटचं बजावलं होतं, तिसरंही पडलं तर जन्मभर कढईपाशी. शिवाय नटांना तो मेणबत्त्या विकणार नव्हता. नाटकवाल्यांना पापी मानणारे पाद्री काय म्हणतील याची त्याला धास्ती.

म्हणून नाटकमंडळींनी दुसरीकडून स्वस्तातल्या आणल्या. नाटकात एक फुशारक्या मारणारा मेणबत्तीवाला होता आणि ते काम एतिएन स्वतःच करत होता. तीन अंक लोक पोट धरून हसले. चौथा लांबला. रंगमंचाच्या कडेला लावलेल्या मेणबत्त्या काजळल्या, धूर कोंडला, लोक आधी खोकू लागले, मग ओरडू लागले. एतिएन पुढचं वाक्य विसरला. आता कढई, त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात गर्दीतून माथ्युरँ वर चढला. मुलगा आपली टिंगल करतोय का, हे बघायला तो टोपी डोळ्यांवर ओढून आला होता. टिंगल त्यानं निमूट सोसली, पण काजळलेली वात त्याला सोसवेना. कमरेची कातर काढून तो एकेक वात कातरू लागला.

"कुणी विकल्या रे ह्या?" तो करवादला. "वात आहे का सुतळी?"

लोकांना वाटलं, हा नाटकातलाच. हशा उसळला, तसा एतिएनला धीर आला.

"दुसरीकडून आणल्या, मालक. आमचा बाप देत नाही."

"नाहीच देणार," माथ्युरँ म्हणाला आणि पुढच्या वातीकडे वळला.

दालन दणाणून गेलं. उजेड झाला, नाटक तडीस गेलं.

पडद्यामागे एतिएन बोलणी खायच्या तयारीनंच उभा राहिला.

"कढईपाशी तुझं काम नाही," बाप म्हणाला. "पण चौथा अंक लांबलाय. माझी वातसुद्धा तेवढी टिकायची नाही. दोन पानं काप."

भल्याभल्या पंडितांनी सांगूनही एतिएननं आजवर एक ओळ कापली नव्हती. त्यानं बापाच्या हातातली कातर घेतली आणि ती दोन पानं तिथंच, उभ्या उभ्या कापली.