मावशीनं छापलेली कोंबडी

संजूचा फोन आला तेव्हा मी नगरजवळ नागापूरला आमच्या छापखान्यात औषधाच्या खोक्याचं डिझाईन तपासत होते. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून बाहेर आले. संजू माझा मावसभाऊ. तो एवढंच म्हणाला, "वंदे, आई गेली." सकाळी उठून तिनं चहा केला, अंगणात खाटेवर बसून घेतला आणि बसल्या जागीच... दुखणं म्हणावं असं काही नव्हतं. फोन हातात धरून मी तशीच उभी राहिले, पण रडू आलं नाही. डोळ्यांपुढं आली ती याच फाटकातून पदर खोचून घाईघाईनं आत येणारी मावशी, मशीन चालू झालं का म्हणून लांबूनच विचारणारी. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. तरी मावशीची आठवण काढायला बसले की आधी तेच दिवस येतात, आणि छातीत दुःखाऐवजी तेव्हाची धडधड सुरू होते.

गयामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. पाथर्डी तालुक्यातल्या एका लहान गावात तिनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली. दिवाळीच्या सुमारास तिथली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, लहान पोरंही सोबत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. अंगणवाडीच्या भिंतीवर चित्रांचा एक तक्ता होता. एके वर्षी साखर कारखान्यावरून नुकतीच परतलेली चार वर्षांची मुलगी त्यातल्या कौलारू घरापुढं उभी राहिली आणि म्हणाली, हे घर न्हाई. मग घर कसं असतं, असं मावशीनं विचारलं. ती म्हणाली, घर वर टोकदार असतंय, त्याला दार नसतं, पडदा असतो, आणि आत बापाला वाकून यावं लागतं. ती कोपीबद्दल बोलत होती. बांबू, चटया आणि उसाचं पाचट यांची तोडकऱ्यांची ती तात्पुरती झोपडी, आणि त्या पोरीचं निम्मं आयुष्य तिच्यातच गेलं होतं. मावशीला हे फार लागलं. "तीस वर्सं मी त्या लेकरांना दुसऱ्याचंच घर शिकीवलं बघ," असं ती मला नंतर कितीदा तरी म्हणाली.

निवृत्त झाल्यावर तिनं चित्रं काढायला घेतली. चित्रकला ती कुठं शिकलेली नव्हती. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ती पोरांच्याच रंगपेटीनं काढायची. माणसांचे हात तिला कधी जमले नाहीत, म्हणून तिच्या चित्रातली माणसं हात मागं बांधून उभी असतात, नाहीतर पाठमोरी काम करत असतात. कोंबड्या मात्र अशा काढायची की आता मान वाकडी करून आपल्याकडे बघतील. गोष्ट साधीच होती. चिमी नावाची मुलगी आईबापाबरोबर ट्रॅक्टरमधून कारखान्यावर जाते आणि आपली ठिपकी नावाची कोंबडी सोबत नेते. तिथं एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो कोप्या. पहिल्याच दिवशी ठिपकी हरवते. तिला शोधत चिमी एकेका कोपीत डोकावते, आणि त्या निमित्तानं आपल्याला सगळी वस्ती दिसते. कुणी भाकरी थापतंय, कुणी कोयत्याला धार लावतंय, एक म्हातारी नातवाला तेल लावतेय. शेवटी ठिपकी सापडते ती चिमीच्याच कोपीत, आईच्या गोधडीखाली, अंड्यावर बसलेली.

मावशीनं ही चित्रं एका प्रकाशकांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं ते सभ्य होतं. गोष्ट चांगली आहे, पण 'हाय', 'न्हाई' काढून प्रमाण भाषा करावी, कोपीऐवजी झोपडी लिहावं, आणि शेवटी चिमी शाळेत जाते असं दाखवावं, म्हणजे मुलांना बोध मिळेल. पत्र घेऊन ती एसटीनं नगरला माझ्याकडे आली. मला वाटलं, खचली असेल. तिनं पत्र नीट घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "चिमीनं शाळंत जावं असं मलाबी वाटतं. पण कोंबडी सापडायच्या आत ती कशी जाईल?" मग माझ्याकडे रोखून बघत पुढं विचारलं, मी इतकी वर्षं खोकी छापते, तर पुस्तक काय खोक्यापेक्षा अवघड असतं का?

असतं, हे मला महिनाभरात कळलं. खोक्याला पानं नसतात. सोळा पानं एका मोठ्या कागदावर अशी मांडावी लागतात की घडी घातल्यावर एकामागोमाग एक यावीत. त्यातली काही उलटी, काही सुलटी. जेवणाच्या सुट्टीत मी कागद दुमडून, पानांवर आकडे घालून बघत बसायचे. रात्री झोपेतही पानंच उलटत असायचे. पहिला नमुना छापून, घड्या घालून, टाचून मी मावशीच्या हातात दिला, तेव्हा ऊर नुसता भरून आला होता. तिनं चष्मा लावून एकेक पान वाचलं, मग मागं जाऊन पुन्हा वाचलं. शेवटी हळूच म्हणाली, "वंदे, हितं कोंबडी हरवायच्या आधीच सापडली की गं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी पुन्हा मांडणी केली आणि या वेळी दहादा दुमडून पाहिली.

दुसरी अडचण रंगाची. संगणकावर तांबूस दिसणारी ठिपकी कागदावर मळकट, जांभळट उतरत होती. हे मी मावशीला फोनवर सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ती हजर. हातरुमालाच्या घडीत एक पीस होतं, तिच्या स्वतःच्या कोंबडीचं. आमचे मशीन चालवणारे रशीदभाई तसे अबोल माणूस. औषधाच्या खोक्याचा निळा रंग जरासा हलला तरी त्यांना लांबून कळतो. त्यांनी ते पीस दिव्याखाली धरलं, छापील कागदाशेजारी ठेवलं, भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या कोंबडीत पिवळा जास्त आहे. आम्ही कमी घेतला." त्यांनी ते पीस मशीनला चिकटवून ठेवलं, खोक्यांसाठी मालकांनी मंजूर केलेला नमुना लावतात तसंच.

मालकांनी शनिवार-रविवार मशीन वापरू दिलं. कागद मावशीनं तिच्या निवृत्तीच्या पैशातून आणला, आणि त्यावर बोलायचं नाही असं मला बजावलं. आमचं मशीन दोन रंगांचं, म्हणजे चार रंगांसाठी कागदाची प्रत्येक बाजू त्यातून दोनदा जायची. शनिवारी काळा आणि निळा झाला. कागदावरची ती थंड, भुतासारखी वस्ती बघून मावशीचा चेहरा उतरला. ठिपकी आजारी दिसते, म्हणाली, आणि माझ्या घरी येऊन नीट जेवलीसुद्धा नाही. रविवारी सकाळी लाल आणि पिवळा चढला. रशीदभाईंनी पहिला कागद उचलून उजेडात धरला... चुलीत जाळ पेटला होता, चिमीचा परकर लाल झाला होता, आणि मधोमध ठिपकी उभी होती, जिवंत, तांबूस, मान वाकडी केलेली. मावशीनं बोट पुढं केलं आणि शाई ओली असेल म्हणून तसंच मागं घेतलं. मग रशीदभाईच म्हणाले, लावा हात, तुमचीच आहे. त्यांच्या परवानगीनं तिनं ठिपकीच्या पाठीवर बोट टेकवलं. शाई लागलेलं ते बोट ती दिवसभर तसंच घेऊन हिंडत होती, जेवलीसुद्धा चमच्यानं.

पाचशे प्रती झाल्या. पहिला गठ्ठा घेऊन आम्ही दुकानात गेलो नाही, सोनईच्या बाजूला जिथं त्या हंगामात कोप्या पडल्या होत्या तिथं गेलो. दुपारची वेळ होती, काही बाया तोडीवरून नुकत्याच परतल्या होत्या. मावशीनं जमिनीवर बसून पुस्तक उघडलं आणि पाच मिनिटांत तिच्याभोवती पोरांचा गराडा पडला. "ही आमचीच कोपी हाय," असं एकानं म्हटलं की दुसरा भांडायचा, न्हाई, आमची. एका बाईनं ओले हात पदराला पुसून पुस्तक मागून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. ती एकेक चित्र निरखत गेली आणि चुलीपाशी थांबली. "चूल बरोबर काढली बाई," ती म्हणाली. "पण राख कुठं हाय? राखंबिगर चूल कुणाची असती?"

मला वाटलं, झालं, आता हिचं मन मोडणार. पण मावशीनं लहान मुलीसारखं हरखून पिशवीतली शिसपेन्सील काढली, आणि राख किती, कुठवर पसरते ते त्या बाईला विचारून विचारून तिथंच चुलीपुढं राख काढली. पुढचे पंधरा दिवस तिनं घरी बसून उरलेल्या सगळ्या प्रतींत हातानं राख काढली. मी म्हटलं, पुढच्या छपाईत घेऊ. ती म्हणाली, तवर काय लोकांनी बिनराखेच्या चुलीवर सैपाक करायचा का? ज्यांच्याकडे हे पुस्तक आहे त्यांनी नवव्या पानावर बोट फिरवून बघावं. बोटाला काळं लागतं.

नंतरची दोन वर्षं ती रोज सकाळी तासभर अंगणवाडीत जाऊन पोरांना पुस्तक वाचून दाखवायची, हे मला ठाऊक होतं. पण तिचं वाचणं मी कधी बघितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात संजूकडे गेले तेव्हा नव्या सेविकाताई मला बोलवायला आल्या. पोरं रोज बाईंची, म्हणजे मावशीची, चौकशी करतात, तुम्ही तरी एकदा वाचा, असं म्हणाल्या. मी गेले. पंधरा-वीस पोरं मांडी घालून बसली होती. मी जमेल तसं वाचत होते. ठिपकी हरवते त्या पानावर आले आणि पान उलटणार, एवढ्यात सगळी पोरं उठली.

मला वाटलं, कंटाळली. सेविकाताई हळूच म्हणाल्या की या पानावर बाई पुस्तक मिटायच्या आणि पोरांना सांगायच्या, ठिपकी इथंच कुठं लपली का बघून या. रोज. एकही दिवस चुकवला नाही... मी पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि थांबले. पोरं माठामागं बघत होती, सतरंजीचं टोक उचलत होती, चपलांच्या ढिगात वाकत होती. एकानं डाळीच्या डब्याचं झाकण काढून आत डोकावलं. कुणी हसत नव्हतं, सगळी मनापासून शोधत होती. मीही नकळत खुर्चीखाली बघितलं.

मग एकेक करून ती परत येऊन बसली. सगळ्यात शेवटी एक चिमुरडी माझ्यापाशी आली. तिनं माझी ओढणी उचलून खाली बघितलं, पुन्हा नीट ठेवली, आणि जागेवर जाऊन बसली.

"हितं न्हाई," ती म्हणाली. "आता पान उलटा."