विरलेला दोरा

सुट्टीत मिठबावला आले की बाबा वाळूत जाळं दुरुस्त करत बसलेले दिसायचे. डोळे मिटून ते बोटांतून जाळं सरकवत आणि फाटलेल्या जागी थांबून कडेचा आणखी दोरा कापत.

“बाबा, भोक कित्याक वाढयतंस?” मी चिडायचे.

“विरलेल्यार गाठ रवणा नाय, चेडवा.” गाठ टिकायला आधी विरलेला दोरा काढावा लागे.

आता प्रयोगशाळेत मी असंच एक एन्झाइम अभ्यासते. पेशीतल्या पाण्यानेच डीएनएचं एखादं अक्षर बिघडून युरॅसिल हे तिथे न चालणारं अक्षर होतं. हे एन्झाइम तेवढंच खुडतं. रिकामी जागा मागून दुसरी एन्झाइमं भरतात.

बाबा हल्ली समुद्रावर जात नाहीत. काल दुपारी झोपेत त्यांची बोटं चादरीच्या काठावरून सरकत होती, उसवलेल्या जागी थांबून दोरा खुडत होती.

मी सुई ओवली आणि मागून टाके घालत गेले.