आबांची पाण्याची बाटली

माझे वडील, आबा, हिंगोलीत माझ्या घरी येत ते पाण्याची बाटली सोबत घेऊन. ओट्यावर बसत, आपलंच पाणी पीत आणि उठत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. मला मूल झालं नाही, म्हणून त्यांचा रिवाज तेवीस वर्षं संपला नाही. गावात बाकीच्यांनी तो कधीच सोडला होता. "लोकाईनं सोडला म्हणून म्या काहून सोडू?" असं ते म्हणत. मला त्यांचा राग येई, आणि तो मी लपवत नसे.

डिसेंबरात ते जवळा बाजारजवळच्या आमच्या शेतात बांधावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे, नीट खाऊ घाला, मगच ऑपरेशन. मी वहीत यादी केली: पालक, खजूर, अंडी, भाकरी, प्रत्येकाची वेळ. वॉकरही आणून घरी ठेवला. भाऊ हरभऱ्याला पाणी देण्यात अडकलेला. गावाकडचा डबा एक दिवसाआड येई. मधल्या दिवशी आबा चहात बिस्कीट बुडवत आणि माझा डबा दिसला की तोंड भिंतीकडे करत.

"आबा, अशानं हाड जुळायचं न्हाई."

"नको जुळू दे. लंगडा मरीन."

"मरा मग."

शेजारच्या खाटेवरच्या बाई दचकल्या. आबा नाही. "जीभ मायची उचलली हिनं," ते त्या बाईंना म्हणाले.

नाताळचा आठवडा होता. वॉर्डच्या सिस्टर ख्रिस्ती. सणाच्या दिवशीही ड्यूटीवर. आपल्या टेबलावर कागदाची चांदणी टांगून त्यांनी खाटाखाटांवर घरच्या करंज्या वाटल्या. आबांनी दोन खाल्ल्या. "सणाला लेकरं घरी सोडून आमचं करून राहिल्या तुमी. बसा जरा," म्हणाले. मी सकाळपासून उभी होते.

संध्याकाळी मी सिस्टरांना विचारलं, माझं जेवण तुमच्या डब्यातून त्यांना द्याल का? "देईन. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. आबांनी विचारलंच नाही. चार दिवस पिठलं, पालक, भाकरी, सगळं संपवलं. पाचव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. ऑपरेशन परवावर ठरलं. जेवता जेवता आबा सिस्टरांना म्हणाले, "लेक असावी तं अशी."

"भाकरी माझ्या आहेत," मी म्हणाले. "चार दिवस झाले."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "ठाऊक हाय. कडेला बोटं उमटलेली भाकर तुझ्या मायमागं तूच करतीस."

"मंग खाल्ली काहून?"

"कोणी बोललं न्हवतं. बराबर चालून राहिलं व्हतं. आता तू बोललीस." त्यांनी ताट सारलं.

पुन्हा चहा आणि बिस्कीट. अंगात अशक्तपणा आला, ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. शेवटी वहिनीनं रोज पहाटे उठून एसटीनं डबा पाठवला, तेव्हा कुठे झालं. भाऊ माझ्यावर चिडला. मी बोलले नसते तर हे टळलं असतं, हे मला कळत होतं. बोलल्याचं वाईट मात्र वाटत नव्हतं.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी भावानं वॉकर घ्यायला जीप माझ्या दारात थांबवली. आबांनी खिडकीतून रिकामी बाटली पुढे केली.

"भर."

माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. ते गिळून मी आत गेले आणि बाटली भरून आणली. झाकण घट्ट आहे का ते आबांनी पाहिलं आणि बाटली मांडीशी ठेवली. जीप निघाली.

आबा त्या उन्हाळ्यात गेले. वाटेत त्यांनी ती बाटली उघडली होती का, हे मी भावाला अजून विचारलेलं नाही.