पोट धुतलं तेव्हा

डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले आणि म्हणाले, "अपेंडिक्स आत फुटलं होतं. पू सगळीकडे पसरला होता. पूर्ण पोट सलाइनने धुऊन काढलंय." मी हात जोडले खरे, पण मनात पाल चुकचुकली. भांडी धुतात, लुगडी धुतात. जिवंत माणसाचं पोट आतून कसं धुणार? आमचे हे सचिन गावच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. पोटात दुखतंय म्हणून गॅसच्या गोळ्या खात पाळ्या करत राहिले. उभंही राहवेना तेव्हा आमच्या नवागाम वस्तीतल्या शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आणलं. साध्या पोटदुखीचं एवढं मोठं ऑपरेशन कसं झालं, हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून धाकटा दीर आला. ह्यांच्या कुशीतून निघालेली नळी आणि पिशवीतलं लालसर पाणी पाहून त्याने मला व्हरांड्यात नेलं. म्हणाला, "वहिनी, आत कापूस-बिपूस विसरले असतील. धुतलं म्हणतात ते झाकायला." मला ते लगेच पटलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. "माले पानी दे," हे सारखे पुटपुटत होते आणि सिस्टर ओठ ओले करण्यापलीकडे काही करू देत नव्हती. पोटात बाटल्यांच्या बाटल्या ओतल्या म्हणतात, मग तोंडात चमचाभर पाण्याचं यांना काय भय?

आम्हा खानदेशी माणसांना कानबाई देवी म्हणजे माहेरची माय. मी डोळे मिटून म्हटलं, "माय, खरं काय ते दाखव." पण खरं सांगायचं तर तिच्यावरही माझा पुरता भरवसा नव्हता. तिने काही दाखवायची वाटही न बघता मी दिराला हो म्हटलं. त्याने गाडी ठरवली. दुपारी सिस्टर जेवायला गेली की ह्यांना उचलायचं आणि गावाकडच्या डॉक्टरकडे न्यायचं, असं ठरलं.

शेजारच्या खाटेवर एका वयस्क गुजराती बाईंची मुलगी होती; सगळे त्या बाईंना बा म्हणत. त्या बा कुणाशी हसत-बोलत नसत. पिशवी मांडीखाली दाबून बसायच्या आणि आल्यागेल्याकडे चोराकडे बघावं तसं बघायच्या. ठरल्याप्रमाणे दुपारी दिराने ह्यांच्या पाठीखाली हात घातला तशा त्या उठल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"एने क्यां लई जाव छो?"

"घरी. माझा भाऊ आहे," दीर म्हणाला.

"कल तक तो ये भाई दिखा नहीं," बा म्हणाल्या, आणि त्यांनी सिस्टरला अशी हाक मारली की सगळा वॉर्ड वळून बघू लागला. हा माणूस आजाऱ्याला पळवून नेतोय, अशीच त्यांची खात्री झाली होती. मला त्यांचा भयंकर राग आला.

सिस्टर जेवण टाकून धावत आली, तिच्यामागे डॉक्टर. ह्यांना तोवर हुडहुडी भरली होती. डॉक्टरांनी चादर बाजूला केली. नळी पाठीखाली कधीची दुमडून बंद झाली होती. ती सरळ करताच गढूळ पू पिशवीत उतरू लागला. बीपी खाली गेलं होतं. इंजेक्शनं, सलाइन, ऑक्सिजन, सगळी धावपळ झाली. आमची गाडी निघाली असती तर वाटेतलं व्यारा गावही आलं नसतं, आणि रस्त्यात आम्ही काय केलं असतं?

ह्यांना जरा आराम पडल्यावर मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "आत काही विसरलात का?"

ते रागावले नाहीत. "नाही. सगळं मोजूनच पोट शिवतो. धुतल्याने बराच पू निघतो, पण उरलेला यायला वाट लागते. शंका आली तर मला विचारा. त्यांना हलवू नका."

ताप हळूहळू उतरला. सिस्टरने परवानगी दिली त्या सकाळी मीच ह्यांच्या तोंडात पाण्याचा पहिला चमचा घातला.

मी खूप विचार केला. कानबाईने माझ्या मनातला संशय काढला नाही. माझ्यापेक्षा जास्त संशयी बाई तिने दारात उभी केली. आपण मागतो एक आणि ती देते आपल्याला न आवडणारं, तरी ते हातात घ्यावं, एवढं मला उमगलं. आता मनात शंका आली की मी ती आधी तिच्यापुढे ठेवते, आणि उत्तराची वाटही बघते.

बांच्या मुलीला घरी सोडलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी आधी आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.