देवाकडे पाय

गणपतीपुळ्याला मी त्या दिवशी भक्तीनं गेले नव्हते, भांडायला गेले होते. ज्या गणपतीची संकष्टी मी लग्नाआधीपासून धरत आले, त्यानं माझी अशी दशा का करावी, हे मला त्याला तोंडावर विचारायचं होतं. कोकण रेल्वेचा अजून पत्ता नव्हता आणि रत्नागिरीत टीव्ही नुकते घरोघरी येत होते, तेव्हाची ही गोष्ट. इतक्या वर्षांनी ती लिहिताना मला माझ्याच रागाचं हसू येतं, पण तेव्हा तो राग खरा होता आणि त्याच्या तळाशी भीती होती.

मी मुळातच अंगानं थोराड. दोन बाळंतपणांनंतर वजनाला काही धरबंधच राहिला नाही. आम्ही राहायला मांडवीच्या बाजूला, हे कोर्टात कारकून. बाजारातून घरी यायचं तर वाटेत ओळखीच्यांच्या ओट्यांवर टेकत टेकत यावं लागे. गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. तेव्हा मुंबईला असलेल्या माझ्या धाकट्या भावानं बातमी आणली, की परदेशात शिकून आलेले एक सर्जन पोटालाच आतून शिवण घालून ते लहान करतात. जास्त खाल्लंच जाणार नाही, वजन आपसूक उतरेल. आमच्याकडे असलं काही कुणी कानांनीही ऐकलेलं नव्हतं. शेजारीण म्हणाली, "जेवू नका म्हणजे झालं, त्याला पोट शिवायला कशाला हवं?" तिला काय सांगणार! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. निघायच्या दिवशी देव्हाऱ्यातल्या गणपतीला मी म्हटलं, "बाबा रे, तू लंबोदर, तुला ते शोभतं. मला नाही शोभत. सांभाळून घे."

ऑपरेशन नीट झालं. वजन उतरायला लागलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पण आगीतून उठले आणि फुफाट्यात पडले. वाटीभर पेज पोटात गेली तरी थोड्या वेळानं आंबट, कडू पाणी घशाशी येई. छातीच्या मधोमध अशी जळजळ होई, की मिरची वाटलेला हात कुणी आतून फिरवतंय. ताकानं जळे, आमसुलाच्या सारानं जळे, शेवटी शेवटी नुसत्या पाण्यानंही जळायला लागलं. खाली वाकून केर काढावा तर पाणी तोंडात. आणि आडवं होणं तर विचारूच नका. पाठ टेकली रे टेकली, की ते पाणी नाकातोंडात यायचं आणि जीव जातोय की काय असा ठसका लागायचा.

डॉक्टरांनी पांढरं औषध दिलं, गोळ्या दिल्या आणि डोकं उंच करून झोपायला सांगितलं. आम्ही उशांवर उशा रचल्या. आमच्या दोन, मुलांच्या दोन, शेजारून आणलेली एक. मान पुढं वाकायची, पोट दुमडायचं आणि ते मेलं पाणी आणखीच जोरानं वर यायचं. शेवटी मी आरामखुर्चीत बसून रात्री काढायला लागले. बसून झोप येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी महिनोन् महिने बसून बघावं. डोळा लागला की मान कलंडायची, दचकून जाग यायची. पुढं पुढं तर डोळा लागेल याचीच भीती वाटायला लागली. माझा स्वभाव आधीच तिखट, त्यात हे जागरण. मुलांवर ओरडायची, यांच्यावर ओरडायची आणि मग मोरीत जाऊन रडायची. हेही एकदा चिडून बोलून गेले, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण तो शब्द मला फार लागला.

मुंबईच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं. असंच चालू राहिलं तर अन्ननळीला आतून जखमा होतील, मग पोट पुन्हा उघडून शिवण सोडवावी लागेल, आणि हे दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं सोपं नसतं. पुढच्या खेपेला निर्णय घ्यायचा ठरलं होतं. मी कुणाला बोलले नाही, पण मनात पक्कं बसलं होतं, की त्या टेबलावरून मी काही परत उठत नाही. कपाटातल्या साड्या कुठली कुणाला द्यायची हेसुद्धा मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मुंबईला जायच्या आधी माझ्या नणंदेनं हट्ट धरला, की पुळ्याला जाऊन ये. मी म्हटलं, "काय करू जाऊन? वाकून नमस्कारसुद्धा करता येत नाही मला. देवाच्या पुढ्यात ओकू?" तर ती म्हणाली, "उभ्यानं हात जोड. त्याला काय तुझी सगळी कर्मकथा ठाऊक नाही?" हे माझी पिशवी भरायला लागले. त्यांच्यासाठी म्हणून मी तयार झाले.

मार्गशीर्षातला दिवस होता. एसटीच्या हिसक्यांनी अर्ध्या वाटेतच घसा आंबट झाला. देवळात गर्दी बेताची होती. हे देवासमोर सरळ आडवे पडले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी खांबाशी ताठ उभी. एक बाई माझ्याकडे वळून वळून बघत होती, हिला काय एवढा ताठा म्हणून. मी हात जोडले आणि मनात जे होतं ते सगळं बोलून टाकलं. म्हटलं, इतकी वर्षं उपाशी राहून तुझा चंद्र बघितला, त्याचं हे फळ? मला माझं जाडेपण परत दे, नाहीतर मरण दे, पण मला झोप दे. दुसरं काही नको. झोप दे. उत्तर कुठलं यायला! घंटा वाजत होती, बाहेर समुद्र गाजत होता आणि माझ्या घशात पुन्हा पाणी आलं होतं.

पुळ्याचा देव म्हणजे नुसती गाभाऱ्यातली मूर्ती नव्हे. देवळामागचा अख्खा डोंगर हाच गणपती मानतात, म्हणून तिथं प्रदक्षिणा घालायची ती सगळ्या डोंगराला. हे झपाझप पुढं गेले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी येते माझ्या चालीनं. डोंगराच्या मागच्या अंगाला, जिथं समुद्राचा आवाज कमी होतो, तिथं माझे पाय भरून आले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. वाटेच्या कडेला डोंगराच्या उतारावर एका काजूखाली पालापाचोळा पडला होता. आता काय व्हायचं ते होवो, असं म्हणून मी तिथं चक्क आडवी झाले. पाय सुजले होते, म्हणून ते चढाच्या बाजूला वर टेकले आणि हातातली पिशवी डोक्याखाली घेतली. क्षणभर बरं वाटलं. मग ठरल्याप्रमाणं ते पाणी आलं, ठसका लागला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. उठायचंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या अंगावर ओरडलं. "काय गो बाय, देवाकडं पाय करून निजलीस? जनाची नाय तर मनाची तरी हाय की नाय?"

डोळे उघडून बघते तो एक म्हातारी, काळीसावळी, काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. कुठल्यातरी आतल्या गावाहून दर्शनाला आलेली असावी. प्रदक्षिणा मध्येच टाकून ती माझ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी होती. मी कसंबसं म्हटलं, "आजी, मला बरं नाही. पाय सुजलेत."

"मग काय देवाला लाथा दाखवशील? ह्यो आख्खा डोंगूर गणपती हाय, म्हाईत नाय तुला? ऊठ. डोकी हिकडं कर."

एरवी मला असं कुणी बोललं असतं तर मी सात पिढ्या काढल्या असत्या. पण त्या दिवशी माझ्यात भांडण उरलंच नव्हतं. देवाशी होतं तेवढं देवळात भांडून झालं होतं. मला मनापासून लाजही वाटली. गणपतीकडे पाय करून मी पसरले होते! म्हातारीनं मला काखेत हात घालून उठवलं, फिरवलं आणि डोकं चढाकडे, पाय उताराकडे असं निजवलं. मी पिशवी पुन्हा डोक्याखाली ओढायला लागले, तर तिनं ती हिसकून घेतली. म्हणाली, "आयशीच्या मांडीवर निजताना उशी मागतेस काय गो? नीज सरळ." मी तिला सांगणार होते, की आजी, मी आडवी झाले की घशाशी येतं, मला असं निजता येत नाही. तोंड उघडलंही असेल. पण तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "नीज गो बाय. मी हाय."

पुढचं मला सांगता येत नाही, कारण मी झोपले होते.

जाग आली तेव्हा काजूच्या पानांतून येणारं ऊन तांबूस झालं होतं. मी कुठं आहे तेच कळेना. मग लक्षात आलं, की मी पाठ टेकून निजले आहे. आडवी. तोंडात काहीच नव्हतं, ना आंबट ना कडू. नुसतं आपलं तोंड. मी हलले नाही, श्वाससुद्धा हळू घेतला. अंगाखाली तो डोंगर होता, दिवसभराच्या उन्हानं कोमट झालेला, आणि मला अगदी स्पष्ट वाटलं, की आपल्याला कुणीतरी धरलंय. अंगावर काटा आला. ज्याला मघाशी मरण मागितलं, त्याच्याच अंगावर मी बिनघोर घोरत पडले होते.

पायाशी हे बसले होते. चप्पल काढून, मांडी घालून, देवापुढं बसतात तसे. डोळे लाल झालेले. मी विचारलं, "गाडी?" म्हणाले, "गेली." "अहो, मग उठवायचं नाही का?" तर हे बाहीनं डोळे पुसायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "कसा उठवू? मी कितीतरी दिवसांनी तुला झोपलेली बघत होतो. गाडीचं काय घेऊन बसलीस!" मला शोधत ते मागं आले, तेव्हा म्हातारी माझ्या उशाशी बसून पदरानं माझ्यावरच्या माश्या वारत होती. यांना बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आपली राहिलेली प्रदक्षिणा पुरी करायला निघून गेली. यांनी नाव विचारायच्या आत वळणाआड दिसेनाशी झाली. नंतर देवळात बघितलं, दुकानांतून विचारलं, पण कुणाला तिचा पत्ता नव्हता. ती देव होती असं मी म्हणत नाही. चांगली तोंडाळ, हाडामांसाची बाई होती. कपाळावरचा तिचा हात खरखरीत होता.

त्या उताराकडे बघत हे म्हणाले, "अगं, उशीनं नुसती मान वर होते. इथं तू सगळीच्या सगळी वर होतीस." ती रात्र आम्ही ओळखीच्यांकडे काढली. दुसऱ्या दिवशी घरी आल्या आल्या यांनी कपडेसुद्धा न बदलता अंगणातले दोन चिरे उचलून आणले आणि माझ्या खाटेच्या उशाकडच्या पायांखाली घातले. मी घाबरत घाबरत निजले. घसरून पायथ्याशी जाईन म्हणून पोरं हसत होती. हसता हसता ती झोपली आणि त्यांच्या मागोमाग मीही झोपले.

मुंबईला गेलो तोवर अंगात तरतरी आली होती. डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि म्हणाले, सूज उतरते आहे, आता पोट उघडायची घाई नको. खाटेचं ऐकून हसले. म्हणाले, "मला हेच सांगायचं होतं. उशा नव्हेत, खाट. कुणी सांगितलं तुम्हांला?" मी म्हटलं, "सांगितलं नाही कुणी. एका म्हातारीनं लाज काढली." दुसरं ऑपरेशन पुढं ढकललं गेलं आणि मग कधी करावंच लागलं नाही. दुखणं पुरतं गेलं असं मात्र नाही. अजूनही जेवणाचा घास मोजून घ्यावा लागतो, गोळ्या चालू आहेत, आणि एखाद्या दिवशी मोह झाला की त्याची शिक्षा लगेच मिळते. उपास मात्र मी सोडले. देवाला त्यांची गरज नव्हती, हे मला जरा उशिराच समजलं.

लोक म्हणतात, उताराचा गुण, त्यात चमत्कार कसला? असेल. मी वाद घालत नाही. उतारावर पाणी खाली जातं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण त्याच वाटेवर, त्याच वेळी, मला सरळ करायला कुणीतरी यावं, आणि माझ्या हातातली उशीसुद्धा काढून घ्यावी, हे कुणी घडवलं ते मला अजून उमगलेलं नाही, आणि आठवलं की आजही छाती भरून येते. देवाला शरण जायला मोठी भक्ती लागते, मन निर्मळ लागतं, असं मी आयुष्यभर ऐकत आले. माझ्याजवळ त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. राग होता, तोही दमून गेला होता, आणि मी उलटी पडले होते. त्यानं मला तशीच उचलली, सुलटी केली आणि निजवली.