नबीलाल आणि पिवळा खोडवा

नबीलाल आमच्या माती प्रयोगशाळेत शिपाई होता. काम काचेच्या बशा धुण्याचं. पण बशीत काय उगवलंय ते निरखल्याशिवाय तो ती धुवायचा नाही. एका जागी त्याला बसवतच नसे.

१९७८ च्या जानेवारीत मी त्याला दोन बशा दाखवल्या. पहिलीत पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळलेल्या रानातली माती होती, तिच्यात जेमतेम पाच-सहा ठिपके. दुसरीत पाचट कुजवलेल्या रानातली. तिच्यात पांढरे, पिवळे, केसाळ ठिपके दाटीवाटीनं उगवले होते.

"ह्यो समदा जीवच हाय व्हय, सायेब?"

"व्हय. पाचट त्यांचं खाणं. आपण तेच जाळतो."

रविवारी तो सायकल मारत राधानगरी रोडला, विधवा बहिणीकडं गेला. खतिजाच्या अर्ध्या एकरातला ऊस नुकताच तुटला होता आणि ती पाचट पेटवायला निघाली होती. यानं काडीपेटी हिसकावून घेतली. आठवडाभर रजा टाकून दोघांनी पाचट सऱ्यांत गाडलं.

महिन्याभरात बुडख्यांतून फुटलेला खोडवा पिवळा पडला. शेजारच्या गणपतरावांच्या जाळलेल्या रानात मात्र हिरवेगार कोंब.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण त्याच्या हातून बशा फुटायला लागल्या. एक दिवसाआड तो सायकलीवर टांग टाकून गायब व्हायचा. शेवटी एकदा चिडून विचारलं, तेव्हा त्यानं खिशातून पिवळं पान काढून टेबलावर ठेवलं.

"सायेब, खाणं दिलं की. मग रान मरतंय कशापायी?"

चूक माझी होती. मी अर्धंच सांगितलं होतं. पाचट कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते मातीतलंच उचलतात आणि तेवढे दिवस पीक उपाशी राहतं. वरून नत्र द्यायला हवं होतं.

मी त्याच्याबरोबर गेलो. खतिजा बांधावरच उभी होती.

"या पावणं. तुमची शाळा माझ्याच रानात भरवायची हुती व्हय?"

आम्ही युरिया टाकला, पाटाच्या पाण्यातून शेणकाला सोडला. पुढचे तीन आठवडे नबीलालला जेवण गोड लागलं नाही. मलाही नाही.

मग पोंग्यातलं, शेंड्याच्या गुंडाळीतलं, नवं पान हिरवं आलं. ऊस सावरला, तरी गणपतरावांपेक्षा कमीच भरला.

पुढच्या साली खतिजानं अर्धं पाचट जाळलं, अर्धं युरिया टाकून कुजवलं. मे महिन्यात नदीवरची मोटर पंधरा दिवस बंद पडली. जाळलेल्या तुकड्यातला ऊस माना टाकून उभा होता. पाचट कुजवलेल्या तुकड्यातली माती मात्र ओल धरून होती, मुठीत धरली की गोळा व्हायची. त्यानंतर तिनं पाचट पेटवलं नाही.

"पर भाई, सारखा येऊन माती उकरू नगंस," ती त्याला म्हणाली, "मुळ्या तुटत्यात."

तो "बरं" म्हणाला आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेला.